सोर्समधून बांधलेला डीएचसीपीसीडी: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरचा सर्व्हर म्हणजे एक जुना लॅपटॉप. त्यावर ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ पद्धतीने, म्हणजे प्रत्येक भाग सोर्स कोडमधून स्वतः बांधून, उभी केलेली सिस्टीम आहे आणि राउटरकडून आयपी पत्ता घ्यायचं काम रॉय मार्पल्स यांच्या डीएचसीपीसीडी या प्रोग्रामकडे (डीएचसीपी क्लायंटकडे) आहे. पूर्वी सगळीकडे दिसणारा, हेच काम करणारा डीएचक्लायंट डोक्यात होता, पण तो बनवणाऱ्या आयएससी या संस्थेने २०२२ मध्येच त्याची देखभाल थांबवली, त्यामुळे तो विषय संपला.

बांधणीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. सी कंपायलर आणि मेक असलं की कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. गॅसवरचा चहा उकळायच्या आत काम उरकतं. कॉन्फिगरला दिलेल्या पर्यायांकडे मात्र नीट बघा. मार्पल्स नेटबीएसडीवाले (बीएसडी हे लिनक्ससारख्याच सिस्टीम्सचं वेगळं घराणं), त्यामुळे मूळ मांडणी बीएसडीच्या वळणाची आहे. लीज (राउटरने ठरावीक मुदतीसाठी दिलेला पत्ता) आणि ओळखीच्या फायली व्हारमधल्या डीबी फोल्डरमध्ये जातात. लिनक्सवर त्या व्हार-लिबमध्ये हव्या असतील तर तसं सांगावं लागतं. दुसरं, आवृत्ती ९ पासून नेटवर्कवरून आलेली पॅकेट्स वाचणारा भाग रूटचे (सर्वाधिकारी युजरचे) अधिकार सोडून वेगळ्या युजरच्या नावाने चालतो. तो युजर आणि त्याचा ग्रुप आपणच आधी तयार करायचा. डिस्ट्रोचं (उबुंटूसारख्या तयार लिनक्सचं) पॅकेज हे गुपचूप करून देतं. इथे करायला कोणी नाही.

खरं डोकं लागलं ते ओळखीच्या प्रश्नात. राउटरवर मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाला) ठरावीक आयपी बांधून ठेवला होता, तरी सर्व्हरला दुसराच पत्ता मिळायचा. डीएचसीपीसीडीच्या मूळ कॉन्फ फायलीत डीयूआयडी चालू असतो, म्हणजे यंत्र स्वतःची ओळख मॅकऐवजी एका वेगळ्या, कायमच्या आकड्याने सांगतं. नियमाला धरून आहे, पण घरगुती राउटरला एवढी समज असेलच असं नाही. त्या ओळीच्या जागी क्लायंटआयडी लिहिलं, म्हणजे ओळख पुन्हा मॅकवरून सांगितली जाते, आणि आरक्षण लागू झालं.

डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या बंदिस्त ‘कंटेनर’मध्ये चालवणारं साधन) चालवणाऱ्यांसाठी एक सूचना. हा क्लायंट न विचारता प्रत्येक इंटरफेसच्या (नेटवर्क जोडणीच्या) मागे लागतो. कंटेनर सुरू झाला की त्याच्या व्हीईटीएच या आभासी इंटरफेसलाही डीएचसीपीने पत्ता मागत बसतो, आणि उत्तर आलं नाही की १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता चिकटवतो. कॉन्फ फायलीत डिनायइंटरफेसेसमध्ये ‘व्हीईटीएच’नंतर तारा (*) टाकून एक ओळ लिहा, लॉगमध्ये शांतता होते.

वीज जाण्या-येण्यात याने मला जिंकलं. आमच्याकडे वीज आली की लॅपटॉप लगेच तयार असतो, राउटरला मात्र वेळ लागतो. केबलवर जीव आल्याचं कळताच हा आपणहून कामाला लागतो, आधी जुन्या लीजमधलाच पत्ता मागतो, आणि राउटर तोवर जागा नसला तरी विचारणं सोडत नाही. हाताने काही करावं लागलेलं नाही. नवा पत्ता घेताना तो दुसऱ्या कोणाकडे नाही ना, हे एआरपीने (नेटवर्कवर ‘हा पत्ता कोणाचा?’ असं विचारून) तपासतो. त्यात काही सेकंद जातात. नोएआरपी लिहून ते वाचवता येतात, पण घरात टीव्हीपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळेच पत्ते घेऊन बसलेले असताना मी ते करणार नाही.

कोणत्या डीएनएस सर्व्हरला (नावावरून आयपी पत्ता शोधणाऱ्याला) विचारायचं ते सांगणारी रिझॉल्व्ह.कॉन्फ फाईल त्याचा हुक, म्हणजे आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट, स्वतः लिहितो. तिथे तुमचा स्वतःचा डीएनएस असेल तर नोहुक लावून त्याला तेवढ्यापुरतं बाजूला ठेवा. नेटवर्क जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर आधीच चालू असलेल्या यंत्रावर तर हा बसवूच नका. एका इंटरफेसवर दोन क्लायंट म्हणजे रोजची कटकट. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या ओएसनेही २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून नेटवर्कमॅनेजरच मूळ पर्याय केला, आणि डेस्कटॉपसाठी ते योग्यच आहे. कॉफी शॉपपासून ऑफिसपर्यंत वाय-फाय बदलत फिरणाऱ्या लॅपटॉपवर मीही डीएचसीपीसीडी टाकणार नाही.

सोर्समधून बांधल्याची किंमत एकच: सुरक्षेची दुरुस्ती आली की पॅकेज मॅनेजर सांगायला येत नाही. प्रकाशनांची फीड लावून ठेवली आहे. नवी आवृत्ती आली की बांधायची, मोठ्या टी (-T) पर्यायाने इंटरफेसवर चाचणी घ्यायची (यात पत्ता मागितला जातो, पण लावला जात नाही), आणि मगच बसवायची.