संघ जिंकत असताना उडालेला विश्वास : 'फुटबॉल मॅनेजर २०२४'

'फुटबॉल मॅनेजर २०२४' हा, आपल्याला फुटबॉल संघाचा व्यवस्थापक बनवणारा संगणकावरचा खेळ मी पूर्ण एक हंगाम मन लावून खेळलो. त्यातील डावपेच, खेळाडूंची खरेदी-विक्री आणि सामन्यांचे चित्रण यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. म्हणून हे परीक्षण त्याच्या एकाच अंगापुरते ठेवतो. खेळाडूंचा प्रशिक्षकावरचा विश्वास कसा टिकतो आणि कसा उडतो, हे या खेळाने जितक्या गांभीर्याने मांडले आहे, तितके दुसऱ्या कोणत्याही क्रीडा-खेळात मला आढळलेले नाही.

या मालिकेत 'डायनॅमिक्स' हा विभाग २०१८च्या आवृत्तीत प्रथम आला. संघातील एकोपा, ड्रेसिंग रूममधील वातावरण आणि व्यवस्थापकाला असलेला पाठिंबा अशा तीन गोष्टी त्यात स्वतंत्रपणे दिसतात. त्यांच्या जोडीला खेळाडूंची एक उतरंड असते. वरच्या पायरीवर संघाचे दोन-तीन म्होरके, त्यांच्याखाली वजनदार खेळाडू आणि तळाशी बाकीचे सगळे. कोण कोणाच्या गटात वावरतो, हेही तिथे पाहता येते. वरवर पाहता ही निव्वळ सजावट वाटते, आणि मीही सुरुवातीचे काही महिने तिच्याकडे दुर्लक्षच केले.

हंगामाच्या आरंभी माझ्या कर्णधाराला, एका अनुभवी मध्यरक्षकाला, मी नियमित खेळवण्याचा शब्द दिला होता. पुढे त्याच जागेवर एक तरुण खेळाडू चमकू लागला आणि मी कर्णधाराला सलग सात सामने राखीव खेळाडूंत बसवले. त्यांपैकी पाच सामने आम्ही जिंकलो, त्यामुळे आपला निर्णय योग्यच ठरला आहे अशी माझी खात्री होती. तो तक्रार घेऊन आला तेव्हा उपलब्ध उत्तरांपैकी सर्वांत कठोर उत्तर मी निवडले: तुझा खेळ घसरला आहे, जागा कमवावी लागेल. दुसऱ्या दिवशी त्याच्या गटातील आणखी तिघे त्याची बाजू घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. मी सगळ्या संघाची बैठक बोलावली आणि तिथेही आवाज चढाच ठेवला. त्या बैठकीनंतर पाठिंब्याची पट्टी लाल झाली. संचालक मंडळाचा विश्वास दाखवणारे पान मात्र त्या दिवशीही हिरवेगार होते, कारण मंडळ गुणतक्ता पाहत होते आणि खेळाडू मला पाहत होते.

पराभव आले ते यानंतर. एका सामन्यात मध्यंतराला आम्ही एका गोलने मागे होतो. एरवी माझ्या बोलण्यानंतर ज्या नावांपुढे हिरव्या अक्षरांत उत्साहाची नोंद उमटत असे, त्यांतील निम्म्या नावांपुढे काहीच उमटले नाही. मी कर्णधाराला दिलेला शब्द मोडला होता, पण त्याची किंमत वसूल होत होती ती ज्यांना मी व्यक्तिशः काहीच बोललो नव्हतो अशा खेळाडूंकडून. हा कार्यकारणभाव खेळाने फार अचूक पकडला आहे, असे मला वाटते.

प्रत्यक्ष फुटबॉलशी ताडून पाहिले तरी तो खरा उतरतो. मे २०१५मध्ये व्यवस्थापक जोझे मोरिन्यो यांच्या चेल्सीने इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली आणि डिसेंबरमध्ये ते पदावरून गेले, तेव्हा १६ पैकी ९ सामने हरलेला तोच संघ १६व्या स्थानावर होता. खेळाडू आणि व्यवस्थापक यांच्यात उघडपणे जाणवणारे वितुष्ट आल्याचे क्लबचे तांत्रिक संचालक मायकल एमेनालो यांनी जाहीरपणे सांगितले. २०१०च्या विश्वचषकात फ्रान्सची गत याहून वाईट झाली. मेक्सिकोविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरात प्रशिक्षक रेमों दोमेनेक आणि आघाडीचा खेळाडू निकोला अनेल्का यांच्यात खटका उडाला, अनेल्काला मायदेशी पाठवण्यात आले आणि त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या खेळाडूंनी दक्षिण आफ्रिकेतील नाईज्ना येथे सरावावर बहिष्कार टाकला. खेळाडूंचे ते निवेदन पत्रकारांना वाचून दाखवले खुद्द दोमेनेक यांनी. फ्रान्स एका गुणासह गटात शेवटचा आला. तिथेही ठिणगी पडली ती एकाच खेळाडूवरून.

उणिवा दोन आहेत. संवादाचे पर्याय ठरावीक असल्याने काही महिन्यांतच तीच वाक्ये फिरून येतात आणि मग माणसाशी बोलण्यापेक्षा योग्य उत्तर शोधण्याकडे लक्ष जाते. दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. खऱ्या प्रशिक्षकाला पाठिंब्याची पट्टी कुठेच दिसत नसते. सूचना चालू असताना कोण मान वर न करता बुटाची नाडी बांधत राहिला, सराव संपल्यावर कोण थांबला आणि कोण लगेच निघून गेला, एवढ्यावरूनच त्याला सगळे ओळखावे लागते. खेळ मात्र ते गुपित एका पानावर उघडे करून ठेवतो.

यावर मी स्वतःपुरता एक उपाय केला आणि हा खेळ विकत घेणाऱ्यांनाही तो मनापासून सुचवतो. दुसऱ्या हंगामात मी 'डायनॅमिक्स'चे पान एकदाही उघडले नाही. सहायक प्रशिक्षकाचा सल्ला, मध्यंतरातील प्रतिक्रिया आणि सरावाचे अहवाल यांवरूनच अंदाज बांधत गेलो. नव्या कर्णधाराला कोणताही शब्द देण्याआधी, आता मला पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो.