रेड रॉबिन: बर्गर सुधारला, गर्दी परतली नाही

आधी निकाल सांगतो, पाल्हाळ नंतर. रेड रॉबिन या अमेरिकेतल्या बर्गर-रेस्टॉरंटांच्या साखळीचा बर्गर आज चांगला मिळतो, त्याच्या नावाला आलेल्या अवकळेवरून वाटतो त्यापेक्षा बराच चांगला. साखळी मात्र अजून उतरणीलाच आहे. डेन्व्हरच्या उपनगरातल्या एका शाखेत आम्ही घरचे सगळे गेले कित्येक महिने नेमाने जातोय, त्यावरून हे लिहितो.

भारतातल्या वाचकांसाठी एवढंच, की हे काउंटरवरून पिशवी उचलून निघायचं फास्टफूड नव्हे. इथे टेबल देतात, सर्व्हर ऑर्डर घ्यायला येतो, शेवटी टिप द्यावी लागते. १९६९ मध्ये गेरी किंगन यांनी सिअ‍ॅटलमधलं एक जुनं टॅव्हर्न, म्हणजे दारू प्यायला बसायचा अड्डा, विकत घेतलं आणि पुढे तिथे बर्गरचे दोन डझनांहून जास्त प्रकार मांडले, तिथून ही सुरुवात. पुढची तीसेक वर्षं उपनगरांतल्या पोराबाळांच्या घरांनी ही साखळी मोठी केली. २००२ मध्ये शेअर बाजारात आली. २०१५ मध्ये शेअरने नव्वद डॉलर ओलांडले होते, २०२५ च्या सुरुवातीला तो पाचच्या आसपास लोळत होता.

आता खाणं. २०२३ पासून पॅटी, म्हणजे बर्गरमधली खिम्याची टिक्की, सपाट तव्यावर भाजतात. त्याआधी वर्षानुवर्षं ती सरकत्या पट्ट्याच्या यंत्रातून जायची. फरक पहिल्या घासाला कळतो: कडेला खरपूस, काळपट जाळी धरलेली असते आणि मधला भाग ओलसर राहतो. माझी पसंती तळलेलं अंडं घातलेल्या रॉयल बर्गरला. पिवळं फुटून मनगटापर्यंत येतं, तेव्हा पांढरा शर्ट घालून जाऊ नये. अननस आणि तेरियाकीवाला बान्झाय मुलीचा लाडका, मला तो गोडाकडे झुकलेला वाटतो. बीफ नको असेल तर पॅटी बदलून चिकन किंवा टर्की घेता येते. बायको शाकाहारी, ती इम्पॉसिबल कंपनीची बिनमांसाची पॅटी घालून घेते. फ्राइज कोणत्या तेलात तळतात हे मात्र कट्टर शाकाहाऱ्यांनी त्या-त्या शाखेत विचारून घ्यावं.

फ्राइज हे इथलं खरं प्रकरण. बोटभर जाड, सालीसकट, वर भुरभुरायला टेबलावर मसाल्याची बाटली, आणि संपल्या की पुन्हा आणून देतात, पैसे न घेता. आई पुण्याहून आली होती तेव्हा तिला हे पटेचना. दुसऱ्यांदा टोपली आली तशी ती म्हणाली, "अरे, फुकटच द्यायच्यात तर आधीच जास्त का नाही वाढत?" मी हसलो, पण सगळी मेख तिथेच आहे. पुन्हा वाढायचं म्हणजे वाढायला माणूस हवा.

आणि नेमकी माणसंच काढली गेली. २०१८ च्या सुरुवातीला कंपनीने आपल्या रेस्टॉरंटांतले बसर काढून टाकले. बसर म्हणजे उष्ट्या प्लेटा उचलून टेबल पुसणारे. किमान वेतन वाढत होतं, वर्षाला ८० लाख डॉलर वाचतील असा हिशेब होता. स्वयंपाकघरातून निघणारी ताटं तपासून मार्गी लावणारे त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. आपल्याकडच्या उडप्याच्या हॉटेलात ऑर्डर घेणारा वेगळा आणि फडकं मारणारा पोऱ्या वेगळा असतो. पोऱ्या रजेवर असेल त्या दिवशी दुपारी बाराच्या गर्दीत काय होतं ते बघितलेल्याला पुढचं सांगावं लागू नये. टेबल रिकामं दिसतंय पण पुसलेलं नाही, दारात लोक ताटकळतायत, सर्व्हर एका हातात उष्टं आणि दुसऱ्या हातात नवी ऑर्डर घेऊन पळतोय. नेमक्या त्याच काळात पार्सलच्या ऑर्डरी वाढल्या आणि त्याच स्वयंपाकघरावर पडल्या. २०१८ मध्ये बसून जेवणारं गिऱ्हाईक हातचं निसटू लागलं, तेव्हा सेवा ढासळल्याचं कंपनीनेही मान्य केलं. वाचवलेले ८० लाख किती महागात पडले याचा हिशेब ज्याने त्याने मांडावा, माझ्या लेखी तो शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार होता.

मधे पिझ्झाचाही प्रयोग झाला. ओहायोच्या डोनॅटोजशी करार करून कित्येक शाखांत पिझ्झा आणला. बर्गरला आलेल्या माणसाला पिझ्झा कशाला, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

२०२२ मध्ये जी. जे. हार्ट कंपनीचे प्रमुख म्हणून आले, पूर्वी टेक्सस रोडहाउस ही स्टेक-रेस्टॉरंटांची साखळी चालवलेले. तवे त्यांच्याच काळातले. काढून टाकलेली माणसं परत वाढवायला आणि शाखेच्या मॅनेजरला नफ्यात वाटा द्यायलाही त्यांनीच सुरुवात केली. आमच्या शाखेत ते दिसतं. प्लेट उचलणारा मुलगा वेगळा, फ्राइज न मागता येतात, मॅनेजर स्वतः टेबलाशी येऊन विचारून जातो. एकदा मुलीच्या लेमोनेडमध्ये स्ट्रॉबेरी कमी दिसली म्हणून त्याने स्वतःहून दुसरा ग्लास पाठवला, आम्ही काही बोललोही नव्हतो.

पण एकदा मोडलेली सवय लवकर जुळत नाही, शिवाय कर्जाचं ओझं डोक्यावर होतंच. २०२५ मध्ये हार्ट गेले, डेव्ह पेस आले, आणि तोट्यातल्या सुमारे ७० शाखा भाडेकरार संपतील तशा बंद करायचा बेत जाहीर झालेला होता. आता कोणी म्हणेल की महागाईत बाहेर बसून जेवणं लोकांनी सोडलंय, त्यात बिचाऱ्यांचा काय दोष. अशाच बसून जेवायच्या टीजीआय फ्रायडेज साखळीने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला हे खरं. पण त्याच वर्षीच्या शेवटच्या तिमाहीत चिलीज या दुसऱ्या तशाच साखळीची जुन्या शाखांमधली विक्री ३१ टक्क्यांनी वाढली. तेच गिऱ्हाईक, तीच महागाई. चिलीजने मेन्यू छाटला, स्वयंपाकघरातली कामं सोपी केली आणि अकरा डॉलरच्या आत पोटभर जेवण देऊन थेट फास्टफूडवाल्यांशी भावात टक्कर घेतली. त्यामुळे काळच वाईट होता ही सबब मला पटत नाही.

रेड रॉबिननेही मग भावाला हात घातला. मे २०२५ साठी २० डॉलरचा पास काढला, महिनाभर रोज एक बर्गर. विक्रीच्या दिवशी झुंबड अशी, की वेबसाइटच आडवी पडली. म्हणजे लोकांना हा बर्गर नको आहे असं नाही. त्यानंतर त्याच वर्षी ९.९९ डॉलरमध्ये बर्गर, फ्राइज आणि पेय अशी योजना आली. आम्ही बहुतेक वेळा तीच घेतो, शिवाय ॲपवर पॉइंट साठतात.

गिऱ्हाईक म्हणून स्वार्थी बोलायचं तर ही उतरती कळा मला सोयीची आहे. शुक्रवारी संध्याकाळी सहालाही खिडकीजवळचं टेबल मिळतं, मुलांच्या गोंगाटाकडे कोणी वळून बघत नाही, सर्व्हरला आमची ऑर्डर पाठ झाली आहे. लहान मुलं असलेल्या घरांनी जरूर जावं. डेटसाठी जाऊ नये, दिवे फार लख्ख आहेत. मिल्कशेक दोघांत एक पुरतो. कांद्याच्या रिंगांचा मनोरा चारजण असाल तरच मागवा, नाहीतर फ्राइजला पोटात जागा राहत नाही. आणि लांबून येणार असाल, तर निघण्यापूर्वी ती शाखा अजून चालू आहे का, तेवढं ॲपवर बघून घ्या.