किशोरवयात चित्रकला की नाटक?

तेरा-चौदाव्या वर्षी मुलं स्वतःच्या कामाकडे फार कठोरपणे बघू लागतात. चित्रकलेत याचा कस लागतो. हाताचा पंजा काढताना बोटं आखूड झाली की लगेच डोळ्यांना खुपतं. मग खोडायचं, पुन्हा नीट बघायचं, बोटांमधल्या मोकळ्या जागेचा आकार आधी उतरवायचा. मनातला हात बाजूला ठेवून समोर दिसतो तो हात काढणं, ही निरीक्षणाची सवय विज्ञानातही कामी येते. शिवाय चुका वहीतच राहतात.

नाटकात त्या सगळ्यांसमोर होतात. पण समोरच्याचं नीट ऐकल्याशिवाय आपलं वाक्य जमत नाही, हे तिथेच अंगवळणी पडतं. बुजऱ्या मुलांना चित्रकलाच बरी, असं अनेकांना वाटतं. मी मात्र त्यांना प्रकाशयोजनेच्या कामापासून सुरुवात करून नाटकातच घेईन.