नर्सेससाठीचा संध्याकाळचा जर्मन वर्ग, स्टुटगार्ट: बाई स्पेनच्या आहेत, हाच मोठा फायदा

मिरजेला नर्सिंग करून मी आता स्टुटगार्टजवळ एका हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डला आहे. जर्मन भाषेच्या बी-टू पातळीची नर्सिंगवाली परीक्षा द्यायची म्हणून हा वर्ग लावला. फी कमी नाही, पण पैसे वसूल होतात, ते शिकवणाऱ्या बाईंमुळे.

बाई सालामांकाच्या, स्वतः नर्स. 2013 मध्ये इकडे आल्या. तेव्हा स्पेनमध्ये बेकारी 27 टक्क्यांच्या आसपास होती. 2008 नंतर बांधकाम बसलं आणि आर्किटेक्ट, सिव्हिल इंजिनिअर रिकामे झाले. पुढे सरकारी दवाखान्यांच्या खर्चाला कात्री लागली. कायम नोकरी हवी तर ‘ओपोसिसियोनेस’ द्यायची, म्हणजे आपल्या एमपीएससीसारखी स्पर्धा परीक्षा, आणि जागा निघायच्या मोजक्याच. तोवर वेटिंग लिस्टवर नाव ठेवून बदली ड्युटीच्या फोनची वाट बघायची. विद्यापीठाची चार वर्षांची डिग्री असलेल्या मुलींची ही गत होती.

वर्गात व्याकरण बेताचंच, सगळा भर ड्युटीच्या हँडओव्हरवर, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती देण्यावर. सरावासाठी मला दिलेली पेशंट: ऐंशीच्या आजी, हार्ट फेल्युअर, कालपेक्षा वजन दोन किलो जास्त. मी म्हटलं, ‘पायाला सूज आहे.’ बाई लगेच, ‘कुठपर्यंत? दाबल्यावर खड्डा पडतो का? डॉक्टरांना कळवलं? किती वाजता?’ सगळं जर्मनमध्ये नीट सांगून होईपर्यंत त्यांनी मला खाली बसू दिलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात वॉर्डात हे कामाला आलं.

पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं याबद्दलही त्या मोकळेपणानं बोलतात. स्पेनमध्ये हे काम बहुतेक सहायक करतात, इथे नर्सच करते. त्यांच्या बरोबरीच्या कित्येकींना हे फार लागलं, काही परतही गेल्या. आपल्याकडेही हे नर्स नाही, बहुतेक नातेवाईकच करतात, त्यामुळे मला ते नेमकं कळलं. अंगाला हात लावण्याआधी काय विचारायचं, कूस बदलताना काय सांगायचं, हे बाईंनी वाक्यावाक्यानं घोटून घेतलं.

सगळ्यात मोलाची तासिका नोकरीच्या कराराची. बाईंच्या बॅचला भाषा शिकवण्याचा खर्च मालकानं केला होता आणि मुदतीआधी सोडलं तर हजारो युरो भरा, असं कलम होतं. पगार जर्मन सहकाऱ्यांपेक्षा कमी, तरी त्या अडकून राहिल्या. बाईंनी आमचे करार आणायला लावले, तर दोघींच्या करारात तसंच कलम निघालं. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनानं स्टुटगार्ट ज्यात येतं त्याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय. यायच्या तयारीत असलेल्या मुलामुलींनी सही करण्याआधी हे कलम शोधावंच.

उणिवा आहेत. स्पेनची डिग्री युरोपीय नियमांनुसार आपोआप मान्य होते, त्यांना अडते फक्त भाषा. आपल्याला त्याशिवाय डिग्री मान्य करून घ्यायला अ‍ॅडॅप्टेशन कोर्स किंवा ज्ञान परीक्षा असते आणि तिची तयारी इथे जवळपास नाही. म्हातारे पेशंट जी श्वेबिश ही इथली बोली बोलतात, ती ऐकायचा सराव नाही. नाइटमुळे बुडालेला तास परत मिळत नाही.

पाचपैकी चार तारे. बी-टूच्या खालची पातळी, बी-वन, पक्की असेल तरच या. त्याहून खालच्या ए-टूवर आलेल्या दोघी पहिल्या महिन्यातच गळाल्या.