140 युआनच्या खापऱ्या आणि 6,800 युआनची बशी

आधी खापऱ्यांचं सांगते, कारण कौतुक त्यांचंच करायचंय. चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चीनमधल्या जिंगदेझेन शहरात दर सोमवारी पहाटे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथले लोक त्याला 'भूतबाजार' म्हणतात. तिथून मी पाच खापऱ्या आणल्या. चिनी मातीच्या फुटक्या भांड्यांचे तुकडे. सगळ्यात मोठी तळहाताएवढी, सगळ्यात लहान सुपारीएवढी. चारांचे मिळून 140 युआन दिले, पाचवी फुकट मिळाली. जुनं पोर्सिलेन आणि नवी नक्कल यांतला फरक ज्याला खरोखर शिकायचाय, त्यानं अख्खी भांडी बघत फिरण्याऐवजी थेट इथे यावं.

मी शांघायमध्ये दातांच्या लॅबमध्ये काम करते. कॅप, ब्रिज, व्हिनिअर. म्हणजे पोर्सिलेनच, पण आमच्यात फेल्डस्पार हे खनिजच जास्त आणि केओलिन, म्हणजे भांड्यांची पांढरी माती, नावापुरतं. 'केओलिन' हे नावच मुळात जिंगदेझेनजवळच्या गाओलिंगवरून आलंय. दिवसभर दहापट भिंगाखाली झिलईतले बुडबुडे बघणं हाच माझा धंदा, त्यामुळे मला कोण फसवतंय असा माज होता. तो उतरला दोन वर्षांपूर्वी, पर्यटकांच्या एका गावात. गावाचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही.

तिथे 6,800 युआनला एक निळी-पांढरी बशी घेतली. मालक म्हणाला, कांग्शी बादशहाच्या काळातली, म्हणजे 1662 ते 1722 मधली. बुडावर शिक्का मात्र आधीच्या मिंग घराण्यातल्या छंगहुआ बादशहाचा, दोनशे वर्षं आधीचा. मी लगेच बोट ठेवलं. त्यानं शांतपणे चहा ओतला आणि सांगितलं, 1677 मध्ये जिंगदेझेनच्या अधिकाऱ्यानं भांड्यांवर चालू बादशहाचं नाव घालायला बंदी केली होती, म्हणून कारागीर जुन्या मिंग बादशहांची नावं घालायचे. ही माहिती खरी आहे! मी घरी येऊन तपासली, पुस्तकात तसंच होतं, आणि मला वाटलं माणूस प्रामाणिक आहे. माहिती खरी आणि बशी खोटी, हे दोन्ही एकाच टेबलावर सुखाने नांदू शकतं हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. पाठोपाठ आजोबांची गोष्ट, अंगणात पुरलेली पेटी वगैरे झालंच. आता कोणी पेटीची गोष्ट सुरू केली की मी पर्स बंद करते.

तर बाजार. अंधारात जायचं, हातात टॉर्च. जमिनीवर चादरी पसरलेल्या, त्यावर ढीग: वाट्या, झाकणं, लाकडी कोरीव तुकडे, माओचे बिल्ले आणि खापऱ्या. टॉर्चचे झोत खाली फिरत असतात आणि माणसांचे चेहरे दिसत नाहीत. भूतबाजार हे नाव शोभतं. रीत अशी की वस्तू कुठून आली हे विचारायचं नाही. अख्खं भांडं हातातून हातात घ्यायचं नाही. विकणाऱ्यानं ते खाली ठेवलं की मग आपण उचलायचं, म्हणजे फुटलं तर खापर कुणावर फोडायचं याचा वाद राहत नाही. (खापऱ्यांच्या बाजारात हा वाक्प्रचार आठवून मी एकटीच हसले. तिथे कुणाला सांगणार?)

मी जिच्याकडून घेतलं ती साठीच्या पुढची बाई. चिनी भाषेत वडीलधाऱ्या बाईला 'आयी' म्हणतात, त्यामुळे हाक मारायला मला जड गेलं नाही. तिनं आधी माझं भिंग मागून घेतलं, उलटसुलट बघितलं, आणि "दातांचं का?" म्हणून परत दिलं. मग बादलीतून एक खापरी काढली, माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "पोरी, चित्र बघू नकोस. मोडलेली कड बघ."

हे वाक्य मला 6,800 युआनला पडलं, असं मी धरते. अख्ख्या भांड्यात आपल्याला फक्त कातडी दिसते. तुटल्या कडेवर आतलं मांस दिसतं. जुन्या काळी डोंगरातला पोर्सिलेन-दगड पाण्यावर चालणाऱ्या लाकडी घणांनी कुटायचे, पाण्यात निवळून वड्या पाडायचे. कितीही निवळला तरी त्यात बारीक-जाड कण राहतात, मधूनच एखादं छिद्र दिसतं. कांग्शीच्या चांगल्या भांड्याच्या अंगाला तिथले जाणकार चिकट तांदळाच्या पिठाची उपमा देतात. भिंगाखाली ती पटते: घट्ट, किंचित ओलसर वाटणारी, पण एकसुरी नाही. गिरणीत दळलेल्या आजच्या मातीची कड मात्र माझ्या लॅबमधल्या पावडरीसारखी दिसते. पांढरी, सपाट, निर्जीव. हा फरक फोटोत येत नाही. मी खूप प्रयत्न केला.

पहिली खापरी मिंग काळाच्या शेवटच्या दिवसांतली, साध्या लोकांच्या वाटीचं बूड. बुडाच्या आत मध्यापासून बाहेर पसरणाऱ्या बारीक रेघा आहेत. चाकावर बूड खरवडताना पातं थरथरल्याच्या त्या खुणा. कडेला भट्टीतली वाळू चिकटलेली. आणि जिथे झिलई संपते आणि उघडी माती सुरू होते, तिथे नारिंगी रेघ. मातीतलं लोह भट्टीतच तांबूस होतं, म्हणून ही रेघ आतून येते. जाड-पातळ होते, मध्येच नाहीशी होते. नकली बुडाला तांबूस रंग बाहेरून फासतात. त्यात पोटॅशियम परमँगनेट सगळ्यांच्या आवडीचं, शिवाय चहाचं पाणी, बुटाचं पॉलिशसुद्धा.

दुसरी कांग्शी काळातल्या ताटलीचं बूड. टेकायची कड बोटाने चाचपली तर गोल, गुळगुळीत, अजिबात न बोचणारी. याला तिथे 'माशाची पाठ' म्हणतात, म्हणजे चिखलात राहणाऱ्या त्या बारीक माशाची. माझ्या बशीची कड टोकदार होती. दोन वर्षं ती टोकदारच होती आणि मी दोन वर्षं तिच्यावरून बोट फिरवत होते.

तिसरी मोठ्या बरणीची भिंत, आतून आडवा उंचवटा असलेली. मोठी भांडी दोन-तीन भागांत करून सांधायचे, तो सांधा बाहेरून घासून सपाट करत, आत मात्र हात पोचत नसे म्हणून राहून जाई. साच्यात ओतलेल्या नव्या बरणीत आत सगळं एकसारखं गुळगुळीत असतं. बरणीत हात घालून बघावं, इतकं साधं. मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

चौथी माझी लाडकी. झिलईवर हिरवा आणि लाल रंग दिलेला तुकडा. टॉर्चसमोर तिरपा धरला की हिरव्या रंगाभोवती शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी सप्तरंगी झाक दिसते. शंभर-दोनशे वर्षांत रंगाभोवती अशी झाक येते. नकली कारागीर ती रसायनानं आणतात, पण मग ती रंगावरच तेलकट डागासारखी बसते; खरी झाक रंगाबाहेर, पांढऱ्या झिलईवर पसरते. रंगांचं एक सोपं गणितही आयीनं सांगितलं: सोन्यापासून बनणारा तो गुलाबी रंग चिनी भांड्यांवर कांग्शीच्या अगदी शेवटी आणि नंतर योंगझेंग बादशहाच्या काळात (1723 ते 1735) रुळला. तेव्हा मिंग काळातलं म्हणून दाखवलेल्या भांड्यावर त्या गुलाबी रंगातलं पिओनीचं फूल दिसलं की पुढे बघायचंच नाही.

पाचवी खापरी फुकट दिली तिचं काय? ती नवी. म्हणजे खोटी. खापऱ्याही बनवतात! जुन्या, कोऱ्या तुकड्यावर नवा रंग चढवून पुन्हा भाजतात, कारण बादशाही शिक्क्याच्या तुकड्याला साध्या तुकड्याच्या शंभरपट भाव येतो. आयी म्हणाली, ही घरी ठेव आणि बाकीच्या चारांशी ताडून बघत जा. अशी विक्रेती मी आजवर पाहिली नाही.

बुडबुड्यांबद्दल जपूनच लिहिते, कारण हा माझा प्रांत आणि इथेच मी आपटले. पुस्तकं सांगतात, लाकडाच्या भट्टीतल्या झिलईत लहान-मोठे बुडबुडे मिसळलेले असतात, गॅसच्या भट्टीत सगळे एकाच मापाचे. साधारण बरोबर आहे. पण आता वरच्या दर्जाच्या नकला पुन्हा पाइनच्या लाकडावर भाजतात, आणि त्यांचे बुडबुडे परीक्षेत पास होतात. माझ्या बशीचे झाले होते. ओरखडे जास्त बोलतात: जुन्या बशीवर ते वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या दिशांचे असतात, त्यांत मळ भरलेला असतो. सँडपेपरचे ओरखडे एका दिशेला पळतात. आणि नव्या झिलईची ती बोचरी चमक, जिला तिथे 'चोर-चमक' म्हणतात, ती घालवायला हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरतात. तेच आम्ल आम्ही लॅबमध्ये कॅपची आतली बाजू खरबरीत करायला वापरतो! भिंगाखाली तो खरबरीतपणा मी रोज बघते, आणि बशीवर ओळखला नाही. ओळखायचा नव्हता, हेच खरं असावं.

त्याच दिवशी दुपारी फानज्याजिंगला गेले. जिंगदेझेनमधली ही वस्ती जुन्या भांड्यांच्या नकलांसाठी प्रसिद्ध. कुणी लपवत नाही. 'वरच्या दर्जाची नक्कल' असं सांगूनच विकतात. एक जण फक्त चाक फिरवतो, एक फक्त चित्र काढतो, आणि बुडावरच्या शिक्क्याची सहा अक्षरं लिहिणारा माणूस वेगळाच. एका चित्रकाराला मी फोनवर बशीचे फोटो दाखवले. तो हसला नाही, हे मला आवडलं. म्हणाला, "रेषा चांगल्या हाताच्या आहेत. बुडावर घाई केलीय." मग सांगितलं, तांबूस रंग परमँगनेटचा असेल तर व्हिटॅमिन सी च्या गोळीचं पाणी लावून बघा; भट्टीतला रंग जागचा हलणार नाही.

तिथून मी कोंबड्यांचा पेला घेतला, 260 युआन. छंगहुआ काळातला असा एक खरा पेला 2014 मध्ये हाँगकाँगच्या लिलावात 28 कोटी 12 लाख हाँगकाँग डॉलरला गेला. शांघायचे संग्राहक ल्यू यिच्येन यांनी तो घेतला आणि त्यातून चहा प्यायले. तो फोटो जगभर गाजला. तेव्हापासून हा पेला हर दुकानात दिसतो, तीस युआनपासून पुढे. माझ्या पेल्यात कोंबडीची बाह्यरेषा झिलईखालच्या निळ्या रंगात आणि आतले रंग झिलईवर, म्हणजे मुळातली पद्धत नीट पाळलेली आहे. स्वस्तातल्या पेल्यांवर छापील कागद चिकटवतात. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसतात, ब्रश कुठे दाबला कुठे उचलला ते दिसत नाही. पेल्याला पाचपैकी पाच. 260 युआनला 260 युआनचाच माल मिळाला.

जिंगदेझेनमधलं शाही भट्टीचं संग्रहालयही बघाच, विटांच्या लांबट कमानींची इमारतच बघण्यासारखी आहे. बादशहाकडे पाठवायला नापास झालेली भांडी फोडून पुरून टाकत. ती खणून, जोडून तिथे मांडलीत. नापास मालाच्या त्या रांगेसमोर मी बराच वेळ उभी होते. एकाचाही दोष मला सापडला नाही.

आता तक्रारी. फोनवरून थेट प्रक्षेपण करून विकणारे आता बाजारात घुसलेत. त्यांचे दिवे डोळ्यांत जातात आणि खापरीची झाक बघायला लागणारा अंधार मिळत नाही. भाव सांगताना भाषा येत नसेल तर तिप्पट. मला येते, तरी दुप्पट सांगितला. आणि कायद्याचं भान ठेवावं लागतं: चीनमध्ये जमिनीखाली सापडलेली पुरातन वस्तू सरकारची, आणि 1911 च्या आधीची भांडी देशाबाहेर नेता येत नाहीत. 'शाही' म्हणून कुजबुजत दाखवलेल्या तुकड्यांना मी हात लावला नाही, आणि माझ्या खापऱ्या शांघायच्या घरातच राहणार आहेत. चाचणीच्या कागदांवरही विसंबू नका. भट्टीचं वय सांगणाऱ्या चाचणीत जिथून भुकटी काढतात तिथलंच वय कळतं, आणि जुनं बूड नव्या अंगाला जोडणारे कारागीर भुकटी कुठून काढतात हे पक्कं ओळखून असतात.

घरी आल्यावर व्हिटॅमिन सी ची गोळी विरघळवली, कापसाच्या बोळ्यानं बशीच्या बुडावर फिरवली. अर्धी कड दोन मिनिटांत पांढरी झाली. उरलेली अर्धी मी मुद्दाम तशीच ठेवली आहे. पुढच्या वेळी बशी घेऊन आयीकडे जाणार आहे. बूड झाकून आधी विचारायचंय, किती देशील?