नव्या डब्यात जुना कंप्रेसर : एअर ब्रेकवाल्या गाडीमालकांनी वाचाच

आयुष्य स्टिअरिंगवर गेलेल्या माणसाला कंप्रेसरमध्ये, म्हणजे ब्रेकसाठी हवा भरणाऱ्या पंपात फसवलं, हे चारचौघांत सांगायची लाज वाटते. तरी लिहितोय, कारण हा खेळ ब्रेकशी आहे.

दहा टायरची एकच गाडी, मीच मालक, मीच ड्रायव्हर. लासलगावहून कांदा भरून वाशीला निघालो होतो. नाशिक जवळ आलं तशी हवा भरायला फार वेळ लागायला लागला. हायवेच्या एका गॅरेजात गाडी लावली. मिस्त्रीने हवेच्या टाकीचा ड्रेन कॉक (खालचा निचऱ्याचा नळ) ओढला तर काळं तेल. "दादा, कंप्रेसर ऑईल फेकतोय, रिंगा गेल्या. नवीनच टाका, घाट उतरायचाय." निदान खरं होतं, म्हणून पुढचंही खरं वाटलं.

कंप्रेसर १८,५००, ड्रायरचं (हवेतला ओलावा शोषणाऱ्या भागाचं) कार्ट्रिज ३,२००, डिलिव्हरी पाइप ९५०, मजुरी २,५००. एकूण २५,१५० रुपये रोख, हातात कच्ची चिठ्ठी. पक्कं बिल "उद्या व्हॉट्सॲपवर", ते आजतागायत आलेलं नाही. पक्कं बिल नाही तर पैसे नाहीत, एवढं एक पाळा.

डबा कंपनीचा, होलोग्रामसकट, पण सील आधीच फाटलेलं. कंप्रेसर हातात घेतला तर अंगठ्याला चंदेरी रंग लागला. कंपनीच्या मालाचा रंग ओला असतो का कधी? फ्लँजच्या भोकांभोवती वॉशरचे जुने गोल वण, नंबरच्या पट्टीवरही रंग फासलेला. हे सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. विचारलंही. "गंजू नये म्हणून स्प्रे मारतो आम्ही," म्हणाला आणि डिझेलचं फडकं माझ्या हातात दिलं. त्या फडक्याची आठवण आली की अजून डोकं सणकतं. पण रात्रीचे अकरा वाजलेले, गाडीत नासणारा माल, व्यापाऱ्याचे फोनवर फोन. माझ्या जागी कोणीही गाडी बाहेरच काढली असती. ती घाई हेरून त्याने हात मारला.

घोटी ओलांडली आणि हवेचं गेज उतरायला लागलं, मग हवा कमी झाल्याचा बझर. इगतपुरीच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. कसारा घाट उतरताना वळणावळणाला हवा खर्च होते. कंप्रेसर ती भरून देत नसेल तर ब्रेक कमी पडत जातो आणि हवा फारच उतरली की स्प्रिंग ब्रेक आपोआप बसून मागची चाकं जाम होतात, भर उतारावर, मागे गाड्यांची रांग असताना. १८,५०० रुपयांसाठी त्या माणसाने मला तिथे पाठवलं होतं.

कांदा दुसऱ्या गाडीत भरून पाठवला, भाडं १४,०००. क्रेनने गाडी आडगावच्या ट्रक टर्मिनलला आणली, ९,५००. तिथे ओळखीच्या मिस्त्रीने कंप्रेसरचं हेड खोललं : लायनरला ओरखडे, रिंगा झिजलेल्या, व्हॉल्ववर कार्बन. ड्रायरचं कार्ट्रिज तर माझंच, पुसून परत लावलेलं. बदलल्याची तारीख मी मार्करने त्यावर लिहिली होती, ती खालच्या बाजूला तशीच. तारीख लिहीत जा, पुरावा होतो. आणि जुना कंप्रेसर गॅरेजात सोडू नका. माझा "भंगारात टाकतो" म्हणून ठेवून घेतला, तो आता रंगून कोणाच्या तरी इंजिनावर चढला असणार.

चौकीत गेलो. "हा पैशाचा वाद, कोर्टात जा." नव्या डब्यात जुना माल घालून नवा म्हणून विकणं ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? साधा तक्रार अर्ज घ्यायला तीन टेबलं फिरवली आणि पोच दिलीच नाही. फिटनेसच्या वेळी आमचे ब्रेक तपासतात, ते बरोबरच आहे, पण रंगवलेले कंप्रेसर विकणाऱ्याचं दुकान कोणी तपासायचं, याचं उत्तर कोणाकडेच नाही. एक वकील म्हणाला, ट्रक धंद्याचा, तुम्ही ग्राहकच नाही. साफ चूक. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू धंद्यात धरत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा, नंबर लिहून ठेवा.

कंप्रेसर बदलला की टाक्या पूर्ण रिकाम्या करा, गाडी चालू करून आठ किलो दाबाच्या आसपास अनलोडर (जादा हवा बाहेर टाकणारा व्हॉल्व) हवा सोडेपर्यंत घड्याळ लावून बसा आणि त्याचा व्हिडिओ काढा. मगच खिशात हात घाला.

माझे ४८,६५० गेले, नवा कंप्रेसर घ्यावा लागला तो खर्च वेगळा. आयोगात अर्ज करतोय. नाशिकच्या पट्ट्यात कोणाला असा रंगवलेला माल मिळाला असेल तर चिठ्ठी आणि फोटो घेऊन पुढे या, सारखी तक्रार असलेल्यांना एकत्र अर्ज करता येतो.