वाचून दाखवणारा आवाज: ५ महिन्यांनंतर

मला डिस्लेक्सिया आहे (वाचता-लिहिताना अक्षरांचा गोंधळ होतो) आणि लिहिणं हे रोजचं काम. फोनमधली मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय ५ महिने वापरतोय.

डोळ्यांतून निसटलेली चूक कानाला टोचते, हा खरा फायदा. ‘करत’ लिहिलंय असं समजून मी पुढे जातो, आवाज शांतपणे ‘कतर’ म्हणतो. गळलेला ‘नाही’ही लगेच कळतो. पहिली वेलांटी माझी जुनी वैरीण: उच्चार व्यंजनानंतर, कागदावर मात्र ती आधी. टाइप करताना ती अक्षरानंतरच द्यायची असते, त्यामुळे पेनापेक्षा कीबोर्ड बरा. (हे शाळेत असतं तर!)

ऱ्हस्व-दीर्घात मात्र आवाजाचा उपयोग जवळजवळ शून्य. परवा ‘महिला दीन’ लिहिलं. ऐकायला ठीक, शब्दतपासणीतही पास, कारण ‘दीन’ हाही खरा शब्द. ताईचा हसत फोन, “अरे, सगळ्या बायकांना बिचाऱ्या करून टाकलंस!” तिचं हसणं चालतं, ती आधी मजकुरावर बोलते, मग चुकीवर. एक सहकारी नुसते लाल गोल करून पाठवतो, काय लिहिलंय याबद्दल अवाक्षर नाही. आवाज निदान सुस्कारे टाकत नाही. नवव्यांदा ऐकवायला सांगितलं तरी तोच सूर.

वेग थोडा कमी ठेवा, हेडफोन लावा. लांब वाक्यात तो भलतीकडेच श्वास घेतो, त्याचा १ तारा कापला. ५ पैकी ४. दिन-दीनसाठी ताई आहेच.